तिसरी फळी

घराच्या दारांना कड्या असतात, कोयंडे असतात, कुलपं असतात. मित्रांनो, मी त्यांच्यापैकी कुणी नाही. मी सागाची एक जुनी फळी आहे. साडेतीन फूट लांब, दहा इंच रुंद, आणि एका टोकाला डोळ्यासारखी काळी गाठ. माझं कौतुक व्हावं म्हणून मी हे सांगत नाही. एका घरात मला सूड म्हणून बसवलं होतं आणि ते काम मी मन लावून केलं, म्हणून सांगते.

बुलडाणा जिल्ह्यातल्या धाड गावात, बाजाराच्या मैदानापासून थोडं आत, उकंडरावांचं घर आहे. त्या घरच्या स्वयंपाकघरात आम्ही तिघी बहिणी भिंतीवर मांडणी होऊन बसलो होतो. पहिल्या फळीवर पितळी डबे, दुसरीवर तिखट-मिठाचे, आणि सर्वांत वर मी. माझ्यावर लोणच्याच्या बरण्या असत. उकंडरावांच्या बायकोनं, सुभद्राबाईंनी, आम्हाला पंचवीस वर्षं सांभाळलं. दर दिवाळीला तेलाचा बोळा घेऊन त्या स्वतः आम्हाला पुसत. हंगामाच्या दिवसांत मळणीवरच्या तीस माणसांच्या भाकरी त्या एकट्या थापत. घामानं भिजलेल्या सुभद्राबाई आमच्याखाली उभ्या राहून पाणी पीत, तेव्हा हे घर आपलं आहे असं मला वाटायचं.

मग त्यांचा मुलगा गोविंदा याचं लग्न झालं आणि देऊळगाव राजाहून अनुपमा सून होऊन आली. वर्षा-दीड वर्षात प्राची झाली. घरात रांगणारं लेकरू आलं आणि माझ्या आयुष्याला वळण लागलं.

तो दिवस मी विसरले नाही. थंडीची सकाळ होती. प्राची दहा महिन्यांची. अनुपमाला गच्चीवर कपडे वाळत घालायचे होते. पोरीकडे पाहा, असं तिनं सासूला सांगितलं. सुभद्राबाई म्हणाल्या, "जाय तू. मी हाय ना इथं." अनुपमा गेली. सुभद्राबाईंनी पोरीच्या अंघोळीसाठी तापवलेल्या पाण्याचं पातेलं गॅसवरून उतरवलं आणि दुधाला जागा करायची म्हणून खाली, दाराजवळ, फरशीवर ठेवलं. तेवढ्यात परसात मेथीच्या वाफ्यात शेळी शिरली. त्या तिला हाकलायला बाहेर गेल्या. माजघरातून प्राची रांगत आली, पातेल्याच्या काठाला धरून उभी राहू लागली, आणि पातेलं तिच्या अंगावर आलं.

मी वरून सगळं पाहत होते. मला हात नव्हते.

किंकाळी ऐकून अनुपमा जिन्यावरून कशी उतरली ते तिलाही आठवत नाही. तिनं पोरीला उचलून थेट नळाखाली धरलं. गार पाण्याची धार भाजलेल्या हातावर, छातीवर सोडली. तेच बरोबर होतं, मित्रांनो. भाजलं की वीस मिनिटं साधं वाहतं पाणी, दुसरं काही नाही. पण परसातून आलेल्या सुभद्राबाईंनी पोर ओढून घेतली आणि सबंध हातावर दात घासायची पेस्ट फासली. बुलडाण्याच्या दवाखान्यात ती पेस्ट पुसून काढायला अर्धा तास लागला. पेस्टबरोबर कातडी निघत होती. हे मला पुढं अनुपमाच्या तोंडून कळलं. तिनं ते नवऱ्याला सांगितलं तेव्हा तिच्या आवाजात रडणं नव्हतं, म्हणून मला ते जास्त लागलं.

दवाखान्यात नातेवाईक जमले. डॉक्टरांनी विचारलं, लेकराजवळ कोण होतं? सुभद्राबाई पटकन म्हणाल्या की आईच होती, पण तिचं लक्ष मोबाईलात होतं.

एवढंच. एका वाक्याचं काम. फोन वरच्या खोलीत चार्जिंगला लावलेला होता हे अनुपमानं सांगून पाहिलं. गोविंदा आईच्या तोंडाकडे पाहत राहिला. दोन दिवसांत ती गोष्ट धाडभर झाली. मोबाईलपायी पोर भाजली म्हणे. देऊळगाव राजाहून अनुपमाचे वडील रामराव धावत आले. बियाण्याच्या दुकानात आयुष्यभर मान वर ठेवून नोकरी केलेला तो माणूस. त्यांनी विहिणीपुढं हात जोडले आणि माझ्या पोरीचं चुकलं, पदरात घ्या, असं म्हणाले. सुभद्राबाईंनी ती माफी घेतली. ठेवून घेतली.

त्याच आठवड्यात त्यांनी आम्हाला भिंतीवरून उतरवलं. जुन्या लाकडाचं कुसळ लेकराला टोचेल, असं कारण दिलं. आमच्या जागी स्टीलची मांडणी आली आणि आम्ही तिघी गोठ्यात कडब्यावर पडलो. पंचवीस वर्षं तेल पाजलेली मी, माझ्यावर कोंबड्या बसू लागल्या. त्या सकाळी त्या स्वयंपाकघरात पाहणारं आमच्याशिवाय दुसरं कुणी नव्हतं, आणि म्हणूनच आम्हाला बाहेर काढलं, अशी माझी खात्री झाली. सुडाची चव मला गोठ्यात लागली, मित्रांनो.

महिनाभरानं अनुपमा गोठ्यात आली. तिनं आमच्यावरची घाण पाण्यानं धुतली आणि गोविंदाच्या गाडीवर आम्हाला बांधून मोतीराम सुताराकडे नेलं. लेकरू स्वयंपाकघरात येऊ नये म्हणून दारात बसवायची आडवी फळी तिला हवी होती. मोतीरामनं तिघींना मापून पाहिलं आणि दोघी पुरेत असं सांगितलं. "वीस इंच लय झालं, ताई. लेकरू अडते अन् मोठं माणूस टांग टाकून जाते."

अनुपमा म्हणाली, "तिन्ही जोडा, दादा."

"तीस इंच? म्हाताऱ्या माणसाले जमणार नाही मग."

"लेकरू मोठं होणारच आहे," एवढंच ती म्हणाली. आणि फळी उघडायची कडी आतल्या बाजूनं, अगदी खाली लावायला सांगितली. प्राचीचा हात पोचू नये म्हणून.

मोतीरामनं मान हलवली आणि खिळे ठोकले. खालच्या दोघी प्राचीसाठी होत्या. मी तिसरी, सर्वांत वरची, सुभद्राबाईंसाठी होते. त्यांचे गुडघे तीन वर्षांपासून दुखत होते. कंबर पुरती वाकत नव्हती. वीस इंचांवरून त्या चौकट धरून गेल्या असत्या. तीस इंचांवरून नाही.

मला दारात बसवलं त्या दिवशी सुभद्राबाई नेहमीप्रमाणे चहा टाकायला आल्या. त्यांनी एका हातानं लुगडं उचललं, पाय उचलला, आणि तो माझ्या काठापर्यंत येऊन थांबला. त्यांनी वाकून कडीकडे हात नेला. हात पोचला नाही. आतून अनुपमा अत्यंत मऊ आवाजात म्हणाली, "राहू द्या, आत्याबाई. चहा मी आणून देते. डॉक्टरांनी सांगितलं, दार उघडं नाही ठेवायचं."

मला जे सुख झालं ते मी लपवणार नाही.

त्यानंतर सहा-सात महिने असंच चाललं. अनुपमानं आरडाओरडा केला नाही, एक शब्द उलटा बोलली नाही. तिनं फक्त लेकराची काळजी घेतली. गरम भांडं खाली ठेवायचं नाही, ओट्यावर आणि भिंतीकडे सरकवून ठेवायचं. पातेल्याचा दांडा कधी बाहेर येऊ द्यायचा नाही. अंघोळीच्या बादलीत आधी गार पाणी घालायचं, मग गरम, आणि कोपर बुडवून पाहिल्याशिवाय लेकराला हात लावायचा नाही. हे ती शेजारच्या पंचफुलाबाई आल्या की मुद्दाम सांगायची, दारापाशी उभी राहून, मोठ्यानं. पंचफुलाबाई माना डोलवायच्या आणि माजघरात बसलेल्या सुभद्राबाईंची मान खाली जायची.

पोरीच्या डोळ्यांत काजळ घालायला सुभद्राबाईंनी डबी काढली, अनुपमानं ती हळूच घेऊन कचऱ्यात टाकली. काजळ डोळ्याला चांगलं नसतं, असं हसून सांगितलं. त्यांनी मधाचं बोट चाटवायला पुढं केलं, तर वर्षाच्या आत मध द्यायचा नाही म्हणून पोर उचलून नेली. एकदा त्यांनी प्राचीच्या तळहातावर चार शेंगदाणे ठेवले. अनुपमानं ते एकेक करून मोजत उचलले आणि म्हणाली, "हे श्वासात अडकतात, आत्याबाई. शाळेत जाईपर्यंत नाही द्यायचे. तुम्हाले ठाऊक नसेल."

सल्ला प्रत्येक वेळी खरा होता, मित्रांनो. त्यात एकही खोट नव्हती. आणि प्रत्येक सल्ल्याला धार लावलेली होती. लेकरू वाचत होतं आणि म्हातारी कापली जात होती. पोरीला ती सासूजवळ घटकाभरही ठेवत नव्हती. स्वयंपाक करताना सुद्धा प्राचीला आत घ्यायची, ओट्यापासून लांबच्या कोपऱ्यात चटईवर बसवायची आणि आतून कडी लावायची.

सुभद्राबाई माझ्या पलीकडे, माजघरात, भिंतीला टेकून बसत. ज्या बाईनं तीस माणसं जेवू घातली, तिला पाण्याचा तांब्या मागून घ्यावा लागत होता. सुरुवातीला त्या चिडल्या. गोविंदाला म्हणाल्या, हे लाकूड काढ. गोविंदा म्हणाला, डॉक्टरांनी सांगितलंय, आई. मग त्यांचं जेवण कमी झालं. कधी कधी त्या माझ्या काठावर हात ठेवून आत पाहत उभ्या राहायच्या. त्यांच्या बोटांना मी ओळखत होते, पंचवीस वर्षं तेलाचा बोळा त्याच बोटांत होता. त्यांनी मला ओळखलं की नाही, कोण जाणे. मी आणखी ताठ झाले.

त्या काळात आरोग्य खात्याच्या आशाताई घरी येऊन गेल्या. लेकराच्या घशात काही अडकलं तर काय करायचं, ते त्यांनी कापडाची बाहुली घेऊन माजघरात दाखवलं. खोकत असेल तर खोकू द्यायचं. आवाजच बंद झाला तर मांडीवर पालथं घ्यायचं, डोकं खाली, आणि तळहाताच्या टाचेनं दोन खांद्यांच्या मधोमध पाच जोरदार थापा मारायच्या. घशात बोट घालून चाचपायचं नाही, वस्तू आणखी आत जाते. अनुपमानं ते वहीत लिहून घेतलं. सुभद्राबाई तुरीच्या शेंगा सोलत बसल्या होत्या. त्यांना कुणी विचारलं नाही, की कळलं का.

आणि मग तो बाजाराचा दिवस आला. उकंडराव आणि गोविंदा भाजी घेऊन बाजारात बसले होते. प्राची दीड वर्षाची झाली होती. अनुपमा चटणीसाठी भाजलेले शेंगदाणे ताटात घेऊन खाली बसली होती, सालं पाखडत. तेवढ्यात चार दिवसांनी नळाला पाणी आलं. ती ताट तसंच खाली ठेवून उठली. परसाचं दार बाहेरून ओढून घेतलं, म्हणजे पोर बाहेर जाणार नाही. मोटर लावली आणि हौद भरायला लागली. दोन मिनिटांचं काम होतं. सगळ्या घरांत दोन मिनिटांचंच असतं.

प्राची चटईवरून उठली, ताटापाशी गेली आणि तिनं मूठ भरून तोंडात घातली.

मी पाहत होते. सुभद्राबाईही पाहत होत्या. त्यांनी आधी आवाज दिला, मग हाका मारल्या. मोटरच्या घरघरीत परसात काही ऐकू जात नव्हतं. प्राची एकदा खोकली. मग खोकला थांबला. तिचं तोंड उघडं होतं आणि त्यातून आवाज येत नव्हता.

गल्लीनं वळसा घालून परसात जायला त्या गुडघ्यांना पाच मिनिटं लागली असती. सुभद्राबाईंनी माझ्यावर दोन्ही हात टाकले. मी हलले नाही. मी हलूच शकत नव्हते, मला तसंच पक्कं बसवलं होतं. त्यांनी कडीसाठी हात खाली नेला, पोचला नाही. त्या वेळी आयुष्यात पहिल्यांदा मला वाटलं की मोडावं. मध्ये तडा जावा. पण सागाचं लाकूड मनात आलं म्हणून मोडत नाही.

त्यांनी पोट माझ्या काठावर टाकलं आणि स्वतःला पलीकडे ढकललं. त्या डोक्यावर पडल्या असत्या, पण त्यांनी उजवा हात पुढं केला. मनगट मोडल्याचा आवाज मी ऐकला. त्या तशाच सरपटत गेल्या. प्राचीला डाव्या हातानं ओढून मांडीवर पालथं घेतलं, डोकं खाली केलं आणि डाव्याच तळहाताच्या टाचेनं पाठीवर मारायला सुरुवात केली. एक. दोन. तीन. चौथ्या थापेला ओला शेंगदाणा फरशीवर पडला आणि पोरीनं असा टाहो फोडला की तो मोटरवरूनही परसात ऐकू गेला.

अनुपमा आत आली तेव्हा सुभद्राबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या. पोर त्यांच्या मांडीवर रडत होती आणि त्यांचा उजवा हात भलत्याच बाजूला वळला होता. फरशीवर शेंगदाणे सांडले होते.

दुसऱ्या दिवशी, हाताला प्लास्टर घालून सुभद्राबाई माजघरात पडल्या असताना, गल्लीतल्या बाया भेटायला आल्या. पंचफुलाबाईंनी सरळच विचारलं, लेकराजवळ शेंगदाणे ठेवले कोणी? सगळ्यांच्या नजरा माझ्याकडे, म्हणजे माझ्यामागं उभ्या असलेल्या अनुपमाकडे वळल्या. तिचा चेहरा पांढरा पडला. मित्रांनो, आता पारडं उलटलं होतं. एक वाक्य पुरे होतं, आणि या वेळी ते खरंही असतं. सुभद्राबाईंच्या जागी मी असते तर मी ते बोलले असते. मी तशाच लाकडाची आहे.

सुभद्राबाईंनी पाण्याचा घोट घेतला.

"आधी पह्यल्या वेळचं आयका," त्या म्हणाल्या. "ते गरम पाणी खाली मी ठेवलं होतं. पोरगी माह्या भरोशावर होती. सुनेजवळ मोबाईल-गिबाईल काही नव्हता. मी भेलो अन् खोटं बोललो."

भ्याल्या आणि खोटं बोलल्या. चार-पाच वाक्यांत त्यांनी सगळं सांगून टाकलं. बाया एकमेकींकडे पाहू लागल्या. मला वाटलं, आता अनुपमा विरघळेल, सासूच्या पाया पडेल. ती तशीच उभी होती.

"इथं सांगून काय होते, आत्याबाई," ती हळू म्हणाली. "माह्या बाबाले सांगा."

रविवारी रामराव आले. सुभद्राबाई भिंतीला धरून उभ्या राहिल्या आणि तेच शब्द त्यांच्यासमोर पुन्हा बोलल्या, एकही न गाळता. रामरावांनी टोपी काढून हातात घेतली. मग त्यांनी विहीणबाईंना बसायला सांगितलं. गोविंदा दारात उभा होता. तो बायकोला म्हणाला, "तू मले काऊन नाही सांगितलं?"

"सांगितलं होतं," अनुपमा म्हणाली. "तुम्ही आईकडे पाहत होते."

त्यानंतर तिनं वडिलांकडे तोंड केलं आणि सांगितलं की शेंगदाण्याचं ताट तिनं ठेवलं होतं, आणि आत्याबाई आत येऊ नयेत म्हणून फळी उंच तिनंच करून घेतली होती. हे सांगताना मात्र ती रडली. सुभद्राबाईंनी तिला जवळ घेतलं वगैरे काही झालं नाही. त्या म्हणाल्या, "मले ठाऊक होतं. मापून केली हे पह्यल्याच दिवशी समजलं."

दुसऱ्या आठवड्यात मोतीराम हत्यारं घेऊन आला. त्यानं पट्ट्यांचे खिळे उपटले आणि मला माझ्या दोघी बहिणींपासून वेगळं केलं. त्या दोघी दारात राहिल्या, कारण प्राची अजून लहान होती. कडी वरच्या काठावर लावली, जिथं उभ्या माणसाचा हात पोचतो. मला परसात नेलं. हौदाच्या तोंडावर झाकण नव्हतं, आणि चालणाऱ्या लेकराला उघड्या पाण्याइतकं वाईट काही नाही. ते तोंड लांबट आणि अरुंद आहे, माझ्याच मापाचं. आता मी त्यावर असते, बिजागरी लावून.

माझ्या मनातला राग संपला असं मी म्हणणार नाही. पाऊस पडला की लाकूड फुगतं, तसा तो अधूनमधून फुगतो. मला गोठ्यात टाकलं होतं, ते मला आठवतं. पण सुभद्राबाई पलीकडे पडेपर्यंतचे ते क्षणही आठवतात, जेव्हा लेकराचा जीव आणि त्याला वाचवणारे हात यांच्यामध्ये मी ताठ उभी होते आणि मला माझ्याच ताठपणाची लाज वाटत होती.

मित्रांनो, तुमच्या घरात रांगतं लेकरू असेल तर दारात फळी जरूर लावा. पाणी झाकून ठेवा, गरम भांडं उंच ठेवा, दाणे उचलून ठेवा, बादली पालथी घाला. फक्त फळीचं माप घ्यायला जाल तेव्हा लेकराला शेजारी उभं करून घ्या. मनात दुसरंच कुणी उभं असेल, तर त्या दिवशी सुताराकडे जाऊ नका.

संध्याकाळी सुभद्राबाई आणि अनुपमा परसात येऊन माझ्यावर बसतात. प्राची समोर मेथीच्या वाफ्यात खेळते. दोघी फारसं बोलत नाहीत. एक प्राचीच्या उजव्या बाजूवर लक्ष ठेवते, दुसरी डाव्या. पण उठून जात नाहीत. त्यांच्या वजनानं मी मधोमध थोडी वाकले आहे.